कॅराव्हॅनच्या संडासाची आगोट

वाचकाचे पत्र थोडक्यात असे :

“निवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी गाडीमागे ओढायची एक लहान कॅराव्हॅन घेतली. तिच्यात बाहेरच्या दारातून टाकी ओढून काढता येते असा कॅसेट पद्धतीचा संडास आहे. ऑक्टोबर ते मे आम्ही फिरतो आणि पावसाळ्यात कॅराव्हॅन देवगडजवळच्या आमच्या कलमांच्या बागेतल्या मांगरात, म्हणजे छपरीत, उभी असते. गेल्या जूनमध्ये टाकी रिकामी करून तिच्यात थोडे पाणी आणि निळे औषध घातले, सर्व झाकणे घट्ट लावली आणि भांड्याला प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला. गणपतीच्या आधी उघडून पाहिले, तर झडप हलेना, भांड्यावर काळी बुरशी आणि वास असा की सौभाग्यवतींनी आत पाय ठेवण्यास नकार दिला. यंदा काय करावे? इंग्रजी पुस्तिकेत अँटिफ्रीझ घालण्यास सांगितले आहे, ते मोटारीचे कूलंटच ना? रबराला घरचे खोबरेल तेल चालेल का? शेवटची टाकी कोठे ओतावी? बागेत राबणारा गडी ते काम करण्यास तयार आहे.”

सप्रेम नमस्कार.

अँटिफ्रीझ घालू नये. ते का घालायचे नाही हे ध्यानात आले की आपल्या बाकीच्या प्रश्नांची बरीच उत्तरे त्यातूनच निघतात. थेटफर्ड, डोमेटिक यांच्यासारखे हे संडास बनवणारे कारखानदार आपल्या पुस्तिका ज्या गिऱ्हाइकांना डोळ्यांपुढे ठेवून लिहितात, त्यांच्याकडे कॅराव्हॅन बंद ठेवण्याचा काळ म्हणजे हिवाळा. पाण्याचे बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, आणि नळीत किंवा पंपात राहून गेलेले वाटीभर पाणीसुद्धा गोठले की प्लॅस्टिकला तडा पाडते. त्या भीतीने तेथे न गोठणारा द्रव भरतात. देवगडात कडाक्याची थंडी पडली असे आपण म्हणतो, तेव्हाही रात्री एक गोधडी पुरते. तेव्हा तो सगळा अध्याय आपण खुशाल वगळावा. मोटारीचे कूलंट तर मुळीच ओतू नये, कारण त्यात बहुधा एथिलीन ग्लायकॉल असते. ते विषारी असून चवीला गोडसर असते, आणि मांगरात वावरणाऱ्या कुत्र्यामांजरांनी सांडलेले चाटले तर ते त्यांच्या जिवावर बेतते.

आपल्याकडचा शत्रू वेगळा आहे. किनाऱ्यावर चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हवा सतत ओलसर असते आणि तिच्यात खाऱ्या वाऱ्याची भर पडते. अशा हवेत ओली वस्तू बंद करून ठेवली की तिच्यातील ओल बाहेर पडण्यास वाट उरत नाही. गेल्या वर्षी आपण जे काळजीपूर्वक केले, तेच नेमके अंगाशी आले. टाकीतील औषध हे चालू वापरातील मैल्यासाठी असते आणि त्याचा जोर साधारण चार-पाच दिवस टिकतो. तीन महिने टाकी राखण्याची त्याची योग्यता नाही. भांडे आणि टाकी यांच्यामधली झडप घट्ट बंद राहिल्यामुळे ती रबरी सीलवर, म्हणजे जिच्यावर ती टेकते त्या कडीवर, सलग तीन महिने दाबलेली राहिली, मधल्या फटीत मूत्रातील क्षार वाळून बसले आणि दोहोंची जणू चिकटपट्टी झाली. भांड्यावरच्या प्लॅस्टिकने बुरशीला दमट आणि निवांत घर मिळवून दिले. म्हणून यंदाचे धोरण उलटे असावे : सर्व भाग पूर्ण रिकामे, पूर्ण कोरडे आणि उघडे.

आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या, या तयारीसाठी मुहूर्त महत्त्वाचा आहे. मृग लागण्याची वाट पाहू नये, कारण एकदा हवा फिरली की धुतलेला रुमालसुद्धा दोन दोन दिवस वाळत नाही, मग टाकीच्या कोपऱ्यांतील पाणी कसले वाळते! पापड, कुरडया आणि कोकमाची सोले ज्या उन्हात वाळतात, त्याच मे महिन्याच्या उन्हात हे काम उरकावे; अर्थात त्या वाळवणाच्या खाटेपासून पुरेसे दूर. सगळ्याला तीन दिवस लागतात असे धरून चालावे, आणि त्यातले दोन नुसते वाळण्याचे.

आता टाकी कोठे ओतावी याविषयी. घरच्या शौचकूपात, तोही सेप्टिक टँकला जोडलेला असेल तर, थोडी थोडी करून आणि प्रत्येक वेळी भरपूर पाणी सोडून ओतावी. ही कॅसेट सुमारे १८ ते २० लिटरची असते आणि भरलेली असताना दोन हातांनी पेलणे जड जाते, म्हणून शेवटच्या वेळी ती अर्धी झाली असतानाच काढलेली बरी. ओतताना हवा सोडण्याचे बटण दाबून धरावे. ते न दाबल्यास आत हवा अडते, मैला गचके देत बाहेर येतो आणि शिंतोडे उडतात. औषधाचा डबा एकदा वाचून पाहावा. त्यात फॉर्मल्डिहाइड असेल, तर सेप्टिक टँकमधील मैला कुजवणारे जिवाणू त्याने मरतात. त्यामुळे हंगामाच्या शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांना जैविक, म्हणजे विकरांवर आधारलेले औषध वापरावे. खाडीत, वहाळात, माडाच्या आळ्यात किंवा कलमांच्या बुंध्याशी मात्र काहीही ओतू नये. आपला जांभा दगड सच्छिद्र असतो. त्यातून पाणी झपाट्याने खाली उतरते आणि पहिल्या मोठ्या पावसात शेजाऱ्याच्या विहिरीपर्यंत पोहोचते. पावसाळ्यात भूजल वर येऊन शोषखड्डे तुंबतात, हेही काम मे महिन्यातच आटोपण्याचे एक कारण आहे.

आपला गडी तयार आहे, असे आपण लिहिले आहे. तो तयार असला तरी त्याला सांगू नये. माणसाकडून मैला उचलून घेण्याचा आपल्या समाजाचा इतिहास लाजिरवाणा आहे. ती प्रथा थांबवण्यासाठी १९९३ साली एक आणि २०१३ साली अधिक व्यापक असा दुसरा कायदा करावा लागला. कायद्याचा कीस काढण्याची येथे गरज नाही. ज्याने कॅराव्हॅन घेतली, त्यानेच तिची टाकी ओतावी. रबरी हातमोजे आणि जुने कपडे असले की हे पंधरा मिनिटांचे काम आहे, आणि मी ते गेली कित्येक वर्षे स्वतः करीत आलो आहे.

टाकी रिकामी झाल्यावर तिच्यात चार-पाच लिटर पाणी आणि भांडी घासण्याचे सौम्य द्रव चमचाभर घालावे, झाकण लावून टाकी सर्व बाजूंनी घुसळावी आणि ते पाणीही शौचकूपातच ओतावे. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे तीन-चार वेळा करावे लागते. तरीही तळाशी आणि झडपेच्या कडेला पिवळट, खरखरीत थर राहिला असेल, तर तो मूत्रक्षारांचा असतो आणि वासाचे मूळ बहुतेक वेळा तोच असतो. वाण्याकडे मिळणारे सायट्रिक ॲसिड, ज्याला आपण लिंबूसत्त्व म्हणतो, ते शंभर-दीडशे ग्रॅम घेऊन तीन-चार लिटर कोमट पाण्यात विरघळवावे आणि टाकीत रात्रभर ठेवावे. सकाळी थर सुटून येतो. रबरी सील त्याआधी काढून ठेवावे, कारण आम्लात ते तासन्‌तास भिजू देणे बरे नाही. घरातील संडास धुण्याचे जोरकस आम्ल आणि ब्लीच, दोन्ही येथे वर्ज्य आहेत. ब्लीचने रबर कोरडे पडून चिरते. शिवाय ब्लीच आणि आम्ल एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो, आणि कॅराव्हॅनच्या दोन हात रुंद न्हाणीघरात तो कोंडला तर जीव गुदमरतो.

धुतलेली टाकी मैला ओतण्याच्या तोटीचे टोपण काढून, झडप उघडी ठेवून आणि तोंड खाली करून तास-दोन तास निथळू द्यावी, मग वाऱ्याच्या जागी सावलीत दोन दिवस ठेवावी. सकाळचे कोवळे ऊन लागले तर हरकत नाही, पण मेच्या भर उन्हात ती दिवसचे दिवस ठेवल्यास प्लॅस्टिक आणि रबर दोन्ही लवकर म्हातारे होतात. आत बोट घालून कोरडे लागले म्हणजे टाकी कोरडी झाली असे समजू नये. पातळी दाखवणाऱ्या फ्लोटच्या मागे आणि हवा सोडण्याच्या झडपेच्या खाली पाणी दडून राहते. टाकी कानाशी धरून हलवावी. आत पाणी खळखळत असेल तर आणखी एक दिवस द्यावा.

रबरी सीलबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण या संडासातील निम्म्या तक्रारी त्या एका कडीशी येऊन थांबतात. भांडे आणि टाकी यांच्यामध्ये सरकणारी झडप ज्या कडीवर टेकते, ती कडी मऊ असली तर वासही वर येत नाही आणि पाणीही खाली झिरपत नाही. ती ताठरली की दोन्ही होते. ती काढून कोमट साबणपाण्याने धुवावी, मऊ कापडाने पुसावी आणि दोन बोटांनी ताणून उजेडात निरखावी. बारीक चिरा दिसल्या किंवा ताणल्यावर ती मूळ आकारात परतली नाही, तर नवी आणावी; तशीही ती दर तीन वर्षांनी बदललेली बरी. चिरा न दिसल्यास कडी बसवून, टाकी जागेवर सरकवून एक परीक्षा घ्यावी : झडप बंद करून भांड्यात पेलाभर पाणी घालावे आणि सकाळी पाहावे. पाणी तेवढेच असेल तर सील चांगले आहे, उतरले असेल तर सुटा भाग आताच मागवावा. गणपतीच्या आदल्या आठवड्यात मागवलेले पार्सल गावात कधी पोहोचते, याचा अनुभव आपणांस असेलच. परीक्षेनंतर टाकी पुन्हा वाळवायला विसरू नये.

खोबरेल तेल लावू नये, हे कोकणातल्या माणसाला सांगताना मला थोडे जड जाते. आपल्याकडे बिजागरीपासून टाळूपर्यंत सगळ्यांवर तोच एक उपाय. परंतु वनस्पतिज तेल कालांतराने खवट होते, त्याचा चिकट थर बनतो, त्यावर धूळ बसते आणि मुंग्या-झुरळे तेथे मुक्कामाला येतात. पेट्रोलियम जेली तर त्याहून वाईट. पहिल्याच वर्षी मी शहाणपणाने तिचा जाड थर सीलवर फासला होता. चार महिन्यांनी ते फुगून असे वेडेवाकडे झाले होते की झडप त्यावर अडकून अर्ध्यात थांबली आणि जोर लावल्यावर तिची मूठच माझ्या हातात आली. खनिज तेलांपासून बनलेले पदार्थ काही प्रकारच्या रबरात शिरून त्याला फुगवतात, हे मला त्यानंतर कळले. यासाठी सिलिकोनचे वंगण वापरावे. या संडासांसाठी म्हणून ते वेगळेही मिळते, आणि ते न मिळाल्यास नळकामाच्या दुकानात शुद्ध सिलिकोन ग्रीस मिळते; मात्र खनिज तेल मिसळलेले नाही याची खात्री करून घ्यावी. बोटाने अगदी पातळ थर द्यावा. तोटीच्या टोपणातील आणि हवेच्या झडपेतील लहान वायसरांनाही तोच हात फिरवावा, कारण ती लहान असल्यामुळे सगळे त्यांना विसरतात.

फ्लशचे पाणी कोठून येते हे आपल्या पत्रावरून कळत नाही. स्वतंत्र टाकी असेल, तर तिची निचऱ्याची नळी बहुधा बाहेरच्या दाराच्या आत, कॅसेटच्या शेजारी असते. ती ओढून सगळे पाणी बादलीत काढावे. कॅराव्हॅनच्या मुख्य टाकीतून पाणी येत असेल, तर मुख्य टाकीच रिकामी करावी लागेल. दोन्ही प्रकारांत नंतर फ्लशचे बटण क्षण-दोन क्षण दाबून नळीतील उरलेले पाणी बाहेर काढावे, पण पंप कोरडा फिरू लागल्याचा आवाज येताच थांबावे, नाहीतर तो जळेल. त्यानंतर बॅटरीची जोडणी सोडावी. खाऱ्या हवेने पंपाच्या वायरींच्या टोकांवर हिरवट गंज चढतो, म्हणून ती टोके पुसून विद्युतजोडांसाठी मिळणारा फवारा त्यांवर मारावा.

आता ठेवण्याची रीत. वाळलेली कॅसेट कॅराव्हॅनमध्ये परत घालू नये, तर घरात, माळ्यावर किंवा पडवीतल्या उंच फळीवर ठेवावी. झडप उघडी असावी, म्हणजे सीलवर दाब राहत नाही. कॅसेट बाहेर असताना झडप हाताने फिरवून उघडता येते. तोटीचे टोपण काढून टाकीलाच दोऱ्याने बांधावे. दोन्ही तोंडांवर मात्र मच्छरदाणीचे कापड ताणून बांधलेच पाहिजे, आणि ही गोष्ट पुस्तिकेत सापडणार नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास चमचाभर साठलेल्या पाण्यातही अंडी घालतो, अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात आणि त्याची अंडी पाणी आटल्यावरही काही महिने तग धरतात. बुरशी येऊ नये म्हणून आत डांबराच्या गोळ्या टाकण्याची कल्पना पुष्कळांना सुचते. त्या काही जातींच्या प्लॅस्टिकला मऊ करतात आणि त्यांचा वास पुढचा हंगामभर जात नाही, म्हणून त्या टाकू नयेत. कोरड्या टाकीत काहीच घालावे लागत नाही.

कॅसेट काढली की भांड्याचे तळ उघडे पडते आणि बाहेरच्या दारामागच्या कप्प्यातून थेट न्हाणीघरात वाट तयार होते. मांगरातल्या उंदरांना ती सापडण्यास एक रात्रही लागत नाही. कप्प्याच्या हवेच्या भोकांवर बारीक तारेची जाळी बसवावी, भांडे सौम्य साबणाने धुऊन कोरडे पुसावे आणि त्याच्या तोंडावरही जाळीचे कापड ताणून झाकण किंचित उचललेले ठेवावे. प्लॅस्टिकचा कागद यंदा माळ्यावरच राहू द्यावा. बाहेरच्या दाराच्या कुलपात सिलिकोनचा फवारा मारून किल्ली चार वेळा फिरवावी, आणि दाराच्या कडेचे रबर पुसून त्यालाही पातळ हात द्यावा. न्हाणीघराचे आतले दार उघडे असावे. छतावरची खिडकी, मांगराचे छप्पर गळत नसेल तर, बोटभर उघडी ठेवावी.

मध्ये उघडीप मिळेल तेव्हा, तीन आठवड्यांतून एकदा म्हणा, कॅराव्हॅनची दारे तासभर सताड उघडावीत आणि घरातल्या कॅसेटची झडप हाताने दोन-तीन वेळा मागेपुढे करावी. नारळी पौर्णिमेच्या सुमारास सील एकदा चाचपून पाहावे, कोरडे वाटल्यास वंगण पुन्हा लावावे. याहून अधिक काही करण्याची गरज नाही.

हंगाम सुरू करताना कप्प्यात हात घालण्यापूर्वी हातमोजे घालावेत. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा आपल्याकडे पावसाळी आजार आहे आणि तो हातावरच्या साध्या खरचटण्यातूनही शिरतो; तेव्हा कप्पा साबणपाण्याने धुऊन मगच पुढचे काम करावे. सगळी जाळीची कापडे काढावीत, हवेच्या झडपेत कुंभारमाशीने मातीचे घर केले नाही ना हे पाहावे, कारण तिला अशी भोके फार आवडतात, आणि पेलाभर पाण्याची परीक्षा पुन्हा एकदा घ्यावी. कॅसेट जागेवर सरकवण्यापूर्वी तिची झडप बंद केलेली असली पाहिजे. उघड्या झडपेची कॅसेट आत जात नाही, आणि ती जात नाही म्हणून ढकलली तर झडपेची यंत्रणा मोडते. सौभाग्यवतींना आत बोलावण्यापूर्वी टाकीत दोन लिटर पाणी आणि नव्या औषधाचे माप घालून, कॅराव्हॅन एकदा बागेच्या रस्त्याने फिरवून आणावी आणि कप्प्याच्या तळाशी कागद अंथरून तो कोरडा राहतो का ते पाहावे.